गार्डसाहेब आणि तीन फूट जागा

दिनांक २६ मे १९९६, रविवार. स्थळ आमचा ओटा. पावसाच्या पाण्याची सोय करण्यासाठी घरटी सातशे रुपये वर्गणी ठरवायची होती. गल्लीतल्या अकरा घरांपैकी सात घरांतले पुरुष हजर होते. उरलेल्यांपैकी दोघांची पहिली पाळी होती, एक जण लग्नाला गेला होता आणि एकाने 'मी यात नाही' असे आधीच कळवले होते. माझ्या बायकोने सगळ्यांना पाणी आणून दिले. गार्डसाहेब अर्धा ग्लास पाणी प्याले, उठले, ओट्याच्या कडेला गेले आणि उरलेले अर्धे आमच्या अंगणात ओतले. मग दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून वाकून बघत राहिले. पाणी जरा थबकले, एका खड्याला वळसा घालून त्याने डावीकडची वाट धरली.

"बघा," ते म्हणाले, "आपण कशाला भांडायचं? त्याला विचारलं, त्यानं सांगितलं."

ही त्यांची सवयच होती. कुणाच्याही घरी गेले तरी ग्लासातले अर्धे पाणी अंगणासाठी राखायचे. बायका वैतागायच्या. रांगोळी असो, वाळवण असो, उंबऱ्यापुढे चपला असोत, गार्डसाहेबांचे पाणी जिथे जायचे तिथे जायचेच. माझी बायको पुढे पुढे त्यांना अर्धाच ग्लास भरून द्यायला लागली. पहिल्यांदा त्यांनी ग्लासात बघितले, मग तिच्याकडे बघितले, आणि न पिता सगळेच ओतले. "आज तहान नाही वहिनी," म्हणाले.

ते दौंडला मालगाडीवर गार्ड होते. निवृत्त झाल्यावर मिळालेले जवळजवळ सगळे पैसे घालून त्यांनी शिरूरला, आमच्या गल्लीत, शेवटचे घर बांधले. त्यांच्या बायकोचे, म्हणजे भाभींचे, माहेर शिरूरचे, म्हणून इथे. उंचीने कमी, खांद्यात थोडे वाकलेले, डोक्यावर विणलेली पांढरी टोपी. त्यांचे खरे नाव गल्लीत फार थोड्यांना माहीत होते. पोस्टमनसुद्धा "गार्डसाहेब, टपाल" असे ओरडायचा. मी तेव्हा एका पतसंस्थेत हिशेब तपासायचे काम करायचो, म्हणून गल्लीने मला खजिनदार केले होते आणि गार्डसाहेब मला त्याच नावाने हाक मारायचे. माझे घर शेवटून दुसरे. म्हणजे वरच्या नऊ घरांचे पाणी आधी माझ्या दारात आणि मग त्यांच्या.

आमची कॉलनी म्हणजे पूर्वीचे ज्वारीचे रान. नगर रस्त्याकडून घोडनदीकडे उतरत जाणारे. प्लॉट पाडणाऱ्याने दाखवलेल्या नकाशात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दोन बारीक रेघा होत्या आणि त्यांच्यावर 'गटार' असे लिहिले होते. जमिनीवर त्या रेघा कधीच उतरल्या नाहीत. विचारायला गेलो तर तो प्लॉट पाडणारा दुसऱ्या गावी दुसरे रान नकाशात घालण्यात गुंतलेला. कॉलनी शहराच्या हद्दीत की गावाच्या, हेही तेव्हा धड ठरलेले नव्हते. थोडक्यात, घरे आमची, पाणीही आमचेच.

यावर आमच्या लोकांनी जो उपाय काढला तो कुठल्याही नव्या कॉलनीत बघायला मिळेल. मृगाच्या आधी प्रत्येक जण अंगणात मुरूम टाकायचा. पहिल्या वर्षी एकाने एक ट्रॉली टाकली, त्याचे पाणी शेजाऱ्याकडे गेले. दुसऱ्या वर्षी शेजाऱ्याने दोन टाकल्या. तिसऱ्या वर्षी वरच्या भोसल्यांनी तीन टाकून वरून फरशी बसवली. भोसले रांजणगावच्या एका कारखान्यात सुपरवायझर होते, माणूस मनाने वाईट नाही, पण तोंडाने तिखट. अंगण वर गेले की दाराची पायरी बुडायची, मग पायरी वाढवायची, मग पुन्हा मुरूम. चार-पाच वर्षांत अशी गत झाली की घरे जागच्या जागी आणि अंगणे छातीशी आलेली. मी मुरूम टाकला नाही तो तत्त्व म्हणून नव्हे. मुलीच्या कॉलेजचा खर्च चालू होता.

गार्डसाहेबांनी मात्र ठरवून टाकला नाही. उलट बांधतानाच त्यांनी आपल्या कुंपणाच्या आत, भिंतीलगत, तीन फूट रुंदीची जागा पुढून मागपर्यंत मोकळी सोडली होती. गल्लीतले सगळे पाणी त्या पट्टीतून मागच्या शेतात उतरायचे. जास्त पाऊस झाला की पट्टीला ते मावायचे नाही आणि त्यांच्या पुढच्या खोलीत यायचे. भाभी पाटावर पाय घेऊन बसायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "इनको घर में पानी आया तो भी खुशी होती. बोलते, देखो कैसा बराबर आया."

"तुम्हीपण दोन ट्रॉल्या टाका की," मी एकदा म्हटले.

"टाकल्या की पाणी तुमच्या स्वयंपाकघरात."

"ते बघू आम्ही."

"तुम्ही टाकाल, मग ते वरच्या देशमुखांकडं. असं करत करत पाणी पुन्हा नगर रोडला न्यायचं हाय का?" ते हसले नाहीत. त्यांना खरेच चित्र दिसत होते. "खजिनदार, गाडीला शेवटचा डबा असतोच. कुणीतरी त्यात बसायचं असतं."

शेवटच्या डब्याचा त्यांना अभिमान होता. आयुष्यभर ते गाडीच्या मागच्या टोकाला बसले, पुढचे इंजिन त्यांना वळणावरच दिसायचे. म्हणायचे, "पुढच्यानं शिट्टी दिली म्हणून गाडी निघत नसते. शेपूट हललं की निघाली." आणि हेच ते चारीला, म्हणजे वर्गणीतून खणायच्या नालीला, लावायचे. वर्गणी ठरली तेव्हा सगळ्यांचे म्हणणे खोदकाम वरून सुरू करावे, म्हणजे भोसल्यांच्या दारापासून. कारण भोसल्यांचे पैसे सगळ्यात आधी आले होते. गार्डसाहेब ऐकेनात. खालून, शेतापासून सुरू करायचे आणि वर सरकत यायचे. आधी बाहेर जायची वाट, मग आत यायची.

"गार्डसाहेब, पाणी काय तुमची मालगाडी आहे व्हय?" भोसले म्हणाले. "लाल झेंडी दाखवली की थांबंल?"

"थांबत नाही म्हणून तर म्हणतोय," गार्डसाहेब म्हणाले.

काम खालून वर झाले. पण त्या वर्षीच्या कामात त्यांची एक मोठी चूक झाली, आणि तीही सांगायला हवी. त्यांना उघडी चारी हवी होती. गल्लीला नको होती. दारापुढे उघडे गटार म्हणजे झोपडपट्टी, मुलीला बघायला येणारे पाहुणे काय म्हणतील, डास होतील. सगळे एका सुरात म्हणाले, पाइप टाका, वर माती ओढा, काही दिसायला नको. गार्डसाहेबांनी दोन सभा वाद घातला आणि तिसऱ्या सभेत थकून 'बरं' म्हणाले. सहा इंची सिमेंटचे पाइप आले. जुलैत पहिला जोराचा पाऊस झाला आणि तासाभरात पाइपाचे तोंड प्लास्टिकच्या पिशव्यांनी, उसाच्या पाचटाने आणि कुणाच्या तरी लहान मुलाच्या बुटाने बंद झाले. पाणी माझ्या घरात नऊ इंच, त्यांच्या घरात दीड फूट. भाभींच्या रुखवतातली लाकडी पेटी त्यात गेली. ती फुगली ती पुन्हा बंद झाली नाही.

पुढच्या सभेला लोक पाइप विकणाऱ्याला शिव्या द्यायला जमले होते. गार्डसाहेब उभे राहिले. "पाइपवाल्याची चूक नाही, गवंड्याची नाही. मला दिसत होतं, तरी मी 'बरं' म्हणालो. चूक माझी." एवढे बोलून खाली बसले. सभा तिथेच संपली. त्या दिवसानंतर मी त्यांना 'बरं' म्हणताना ऐकले नाही. 'हो' म्हणायचे, नाहीतर 'नाही'.

दुसऱ्या वर्षी पाइप काढून दीड फूट रुंद उघडी चारी केली. पुन्हा वर्गणी, पुन्हा सभा. मी दाराशी गेलो की लोक आत असूनही बाहेर गेल्याचे सांगायचे. या सगळ्यातून जो थकवा येतो तो ज्याने गल्लीची वर्गणी गोळा केली आहे त्यालाच कळेल. गार्डसाहेब माझ्याबरोबर यायचे आणि काहीच बोलायचे नाहीत, नुसते पाणी मागायचे. ते ओतायला उठले की घरधनी घाईने पैसे काढून द्यायचा.

चारी खाली जिथे संपायची ते शेत आबांचे. आबा म्हणजे या रानाचे मूळ मालक. सगळे विकून झाल्यावर नदीकडचा एक तुकडा त्यांनी ठेवला होता, त्यात मेथी, कोथिंबीर, गवार करायचे. त्यांच्या शेतातून पुढच्या ओढ्यापर्यंत पाणी जाऊ दिले तरच चारीला अर्थ होता. गार्डसाहेब आणि मी त्यांच्याकडे गेलो.

"हे पानी माझ्या आज्यापासनं हितनंच जातंय," आबा म्हणाले. "तुमी घरं मधी बांधली आन् आता इचारायला आलाय व्हय?"

"आलो की," गार्डसाहेब म्हणाले. "उशीर झाला, पण आलो."

आबांनी तंबाखू मळून दाढेखाली धरली. मग म्हणाले, "पावसाचं पानी येऊ द्या. माझं काई म्हननं न्हाई. पर मोरीचं पानी आलं तर मी बांध घालीन. साबनाच्या पान्यावरची मेथी कोन खाईल? बाजारात तोंड दाखवायचं हाय मला."

गार्डसाहेबांनी हा शब्द स्वतःचा केला. प्रत्येक घरी जाऊन सांगितले की न्हाणीचे, धुण्याचे, भांड्याचे पाणी ज्याच्या त्याच्या शोषखड्ड्यात. चारीत फक्त आभाळाचे. "पावसाचं पाणी पाहुणा आहे," म्हणायचे. "पाहुण्याच्या वाटेत आपलं खरकटं टाकायचं नाही." उन्हाळ्यात चारी कोरडी ठणठणीत असली की त्यांचा चेहरा उजळायचा. रोज सकाळी नळाशी वजू करून नमाज झाली की ते हातात लोखंडी आकडा घेऊन वरपर्यंत चालत यायचे, पिशव्या ओढून काढायचे. लोक ओट्यावर चहा पीत बघायचे. "गार्डसाहेब, ही एक राहिली," असे सांगणारेही असत.

तिसऱ्या की चौथ्या वर्षी एका फेब्रुवारीत, जेव्हा आभाळात ढगही नव्हता, तेव्हा त्यांना चारीत फेस दिसला. फेसाच्या मागे मागे ते वर चालत गेले. माझे घर, देशमुखांचे घर, एकेक सोडत भोसल्यांच्या भिंतीशी थांबले. तिथे नव्या पाइपाचे तोंड, वर दोन फरश्या झाकून ठेवलेल्या. भोसल्यांचा शोषखड्डा भरला होता आणि दुसरा खणायला जागा नव्हती, कारण सगळीकडे फरशी.

"एका घराच्या पाण्यानं काय होतंय?" भोसले म्हणाले.

"एका घराच्या मुरमानं काय झालं?" गार्डसाहेबांनी विचारले.

"बोलायला बरे आहात. तुम्हाला पेन्शन आहे, दिवसभर फेस मोजत बसता. आम्हाला पाळी करायची असते."

"तुमच्या पाळीत मी येऊन खणू का खड्डा?"

भोसले चिडले, आत गेले, दार लावले. दोन दिवसांनी आबांनी बोलल्याप्रमाणे चारीच्या तोंडाशी मातीचा बांध घातला. वर दगड रचले. तो बांध तसाच राहिला तर येत्या पावसात सगळे पाणी आमच्या दोन घरांत. गार्डसाहेब आबांकडे गेले ते मी बघितले. हात जोडून उभे होते. आबा मान हलवत होते. तासाभराने परत आले.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, तुमी चांगले हायसा, पर तुमच्या मागं धा घरं हायती. बरोबर हाय त्यांचं."

मग त्यांनी खरेच खड्डा खणायला घेतला. भोसल्यांच्या फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला. वय त्रेसष्ट. पहार, फावडे, घमेले. पहिल्या दिवशी लोक बघत होते. दुसऱ्या दिवशी भोसल्यांच्या आई बाहेर आल्या, म्हाताऱ्या बाई, आणि आपल्या मुलाला सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असे म्हणाल्या, "आरं, त्यो मानूस तुझी मोरी खनतोय! लाज वाटती का न्हाई?" भोसले पाळीवरून आले होते, तसेच बूट घालून खड्ड्यात उतरले. खड्डा झाला, पाइप वळला, आबांनी बांध काढला. पुढे दोन वर्षे भोसले गार्डसाहेबांना समोर आले तरी ओळख द्यायचे नाहीत. गार्डसाहेब मात्र रोज त्यांच्या दारापुढच्या पिशव्या काढायचे.

मी एकदा विचारले, "राग येत नाही?"

"येतो ना," ते म्हणाले. "पण चारी वरून खाली सगळी एकच हाय. मधलीच सोडून कशी चालंल?"

भाभींचे गुडघे त्या ओलीने गेले. नंतर दमा सुरू झाला. डॉक्टरांनी सांगितले, हे घर सोडा. मुलगा दौंडला होता, त्याचे घर पहिल्या मजल्यावर, तो कधीपासून बोलवत होता. गार्डसाहेब दोन पावसाळे टाळत राहिले. तिसऱ्याच्या आधी एका दुपारी माझ्याकडे आले. पाणी मागितले नाही.

"घर विकायला काढतो, खजिनदार."

मला वाईट वाटले आणि त्याच क्षणी भीतीही वाटली. ती त्यांना दिसली असावी. "पट्टीचं बोलायलाच आलोय," ते म्हणाले. "माझ्यामागं जो येईल तो पहिल्या दिवशी मुरूम टाकंल. म्हणून पट्टीवरून पाणी जायचा हक्क मी आधी तुम्हा दहा घरांना विकतो. कायमचा. वकिलाकडून दस्त करून. एकवीस हजार."

मला वाटले मी चुकीचे ऐकले. ज्या माणसाने सात वर्षे फुकट पाणी वाहून नेले, तो आता जाताना त्याचे पैसे मागत होता. मी म्हटले, "गार्डसाहेब, हक्क लिहूनच द्यायचा तर तसाच द्या की. बक्षीस म्हणून. लोक तुमचं नाव काढतील."

"नाव काढतील आन् मुरूम टाकतील. फुकट मिळालेल्या वाटेसाठी कोण भांडतंय? पैसे मोजले की माणूस राखण करतो."

सभेत हे सांगितल्यावर जे व्हायचे ते झाले. "म्हातारा शेवटी पैशावर आला." "गटार विकतोय, गटार!" "उद्या पावसाचे पण पैसे मागेल." ज्यांच्या दारातल्या पिशव्या त्यांनी काढल्या होत्या तेच हे बोलत होते. गार्डसाहेब कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून ऐकत होते. त्यांनी आपल्या मनातले कारण सांगितले नाही, आणि मलाही सांगू दिले नाही. मी उठायला लागलो तर माझ्या मनगटावर हात ठेवला. "सांगितलं तर फुकटच मागतील," हळूच म्हणाले.

मी घरी येऊन आकडेमोड केली, सवयीने. तोवर एका गिऱ्हाइकाने त्यांच्या घराला चार लाख पंचाहत्तर हजार सांगितले होते. पट्टीवर दुसऱ्यांचा हक्क बसतो म्हटल्यावर तो निघून गेला. नंतरचा भाव चार लाख तीस हजारांवर आला. म्हणजे पंचेचाळीस हजार गेले आणि एकवीस हजार यायचे, तेही आले तर. मी तो कागद त्यांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो नीट वाचला. "बेरीज बरोबर हाय," म्हणाले आणि परत दिला.

घरटी एकवीसशे. नऊ घरांनी दिले, कुरकुरत, दोन-दोन हप्त्यांत. भोसल्यांनी दस्तावर सही केली, पैसे दिले नाहीत. गार्डसाहेबांनी मागितलेही नाहीत.

ते गेले त्या दिवशी टेंपोत सामान फार नव्हते. ती झाकण न लागणारी पेटी दोरीने बांधली होती. भाभी पुढे बसल्या. गार्डसाहेब मागे, सामानाजवळ, पाठ इंजिनाकडे आणि तोंड गल्लीकडे करून. निरोपाला मी, माझी बायको, देशमुख आणि आबा. आबांनी मेथीच्या चार जुड्या दिल्या. "बिनसाबनाची हाय," म्हणाले. गार्डसाहेब त्यावर मोठ्याने हसले. त्यांना असे हसताना मी तेव्हाच बघितले. टेंपो वळेपर्यंत ते आमच्याकडे बघत होते की चारीकडे, हे मला सांगता येणार नाही.

नवा मालक तळेगाव ढमढेऱ्याचा, भाजीचा व्यापार करणारा, तरुण, कामसू माणूस. त्याच्याकडे दोन टेंपो होते आणि लावायला जागा नव्हती. दस्त त्याने वाचला होता, पण पट्टी म्हणजे काय हे त्याला कोरड्या दिवसांत कसे कळावे? पुढच्या वर्षी मेच्या अखेरीस त्याने मुरमाची ट्रॉली आणून पट्टीच्या तोंडाशी उभी केली. मी धावत गेलो. मी एकटा काय बोलणार होतो ते मला माहीत नव्हते, कारण एवढ्या वर्षांत भांडायचे काम मी कधी केले नव्हते.

मागे बघितले तर देशमुख येत होते. त्यांच्यामागे आणखी दोघे. मग बायका. ज्यांनी 'गटार विकतोय' म्हटले होते ते सगळ्यात पुढे.

"ए, ट्रॉली मागं घे!"

"माझी जागा हाय काका. चार लाख मोजलेत मी."

"जागा तुझी, वाट आमची! आम्ही पण पैसे मोजलेत. एकवीसशे रुपये रोख!"

"दस्त हाय, दस्त! वाचता येतंय का?"

दोन हप्त्यांत रडतखडत दिलेल्या त्या एकवीसशेची आज प्रत्येकाच्या तोंडी गर्जना होती. तेवढ्यात भोसले आले. त्यांचा आवाज सगळ्यांत मोठा. "एक घमेलं जरी पडलं ना, तर बघ. पैसे दिलेत आम्ही!"

तो मुलगा कोंडीत सापडला होता, पण बावळट नव्हता. त्याने माझ्याकडे बघून विचारले, "खजिनदार, समद्यांनी दिलेत का?"

मी खोटे बोलू शकत नव्हतो आणि खरेही बोलवेना. भोसल्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला. ते वळले आणि घरी निघून गेले. मला वाटले, झाले, आता ट्रॉली रिकामी होते. पण ते पाच मिनिटांत परत आले, सगळ्यांच्या देखत माझ्या हातात नोटा ठेवल्या आणि त्या मुलाला म्हणाले, "आता दिलेत समद्यांनी. घे मागं."

ट्रॉली मागे गेली. तो मुलगा नंतर चांगला शेजारी झाला. आज त्याच्याच बायकोचे लक्ष चारीवर सगळ्यांत जास्त असते, कारण शेवटचा डबा आता त्यांचा.

ते पैसे घेऊन मी त्या आठवड्यात दौंडला गेलो. गार्डसाहेब रमजान संपल्यावर, हिवाळ्यात, झोपेतच गेले होते. आम्हाला ते मुलाच्या पोस्टकार्डावरून कळले होते आणि गल्लीतून कुणाचे जाणे झाले नव्हते. भाभी पलंगावर बसल्या होत्या, दमा कमी झाला होता. त्यांनी आधी भोसल्यांच्या आईची चौकशी केली, मग आबांची, मग माझ्या मुलीची. मी ट्रॉलीची हकिगत सांगितली. त्यांनी डोळ्यांवर पदर धरला आणि मग बराच वेळ हसत राहिल्या. "वो बोले थे," एवढेच म्हणाल्या.

निघताना मी नोटा त्यांच्या हातात दिल्या. त्यांनी त्यातली शंभराची एक काढून मला परत दिली. पिशव्या कोण काढतो, असे त्यांनी विचारले. गार्डसाहेबांनंतर आम्ही त्यासाठी आठवड्यातून एकदा एक माणूस लावला होता, तो वैदूवाडीचा, हे मी सांगितले. त्याला द्या, म्हणाल्या.

भोसल्यांकडून आलेले रुपये एकवीसशे. पैकी दोन हजार भाभींना दौंड येथे रोख दिले. शंभर रविवारी चारी साफ करणाऱ्याला दिले.